विभागांच्या भिंती आणि वेल्ह्याहून आलेला रुग्ण

पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव जरा जडच छापलं गेलंय: 'आरोग्यविज्ञान विद्यापीठांतील विभागांचे परस्परसहकार्य'. ते वाचून निम्मी मंडळी घरीच थांबली असती तरी आम्ही समजून घेतलं असतं. पण आलाच आहात, तर आधीच सांगून टाकतो. आज आपण बोलणार आहोत ते मुख्यतः एका सापाबद्दल, मण्यारीबद्दल.

'आम्ही' म्हणजे वैद्यकीय शिक्षणातल्या वेगवेगळ्या विभागांमधले काही शिक्षक. कुणी औषधशास्त्र शिकवतं, कुणी भूलशास्त्र, एक जण पीएसएमवाले आहेत, एक ताई नर्सिंगच्या शिक्षिका आहेत. बोलायला एक जण उभा असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही'.

हा विषय पुण्यातल्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात न मांडता भोरला का मांडायचा? मोठ्या रुग्णालयाच्या इमारतीत एका विभागाने दुसऱ्याशी न बोलल्याचा त्रास होतो तो थोडाफार. फार तर कागद इकडून तिकडे फिरतो, कॉल उशिरा बघितला जातो. पण त्याच इमारतीत शिकलेला डॉक्टर हिरडस मावळात किंवा वेल्ह्याच्या अठरागाव मावळात येऊन बसतो (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय), तेव्हा त्याच्याकडे विभाग नसतातच. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो एकटा. त्याला शरीर तुकड्या-तुकड्यांनी शिकवलेलं असतं आणि रुग्ण येतो तो अख्खा.

योगायोगाने भोरचं नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. पीएसएमच्या पुस्तकात पहिल्याच काही पानांत 'भोर समिती' येते. पुण्याकडच्या मुलांना हटकून वाटतं की ही समिती इथे राजवाड्यात बसली असणार. तसं काही नाही. ती सर जोसेफ भोर यांच्या नावाने ओळखली जाते. हे गृहस्थ जन्माने नाशिकचे, आयसीएस अधिकारी. १९४३ मध्ये समिती नेमली गेली, १९४६ मध्ये अहवाल आला. त्यात एक शिफारस अशी होती की प्रतिबंध आणि उपचार ही दोन कामं वेगवेगळी ठेवू नका, आणि विद्यार्थ्याला तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचं प्रशिक्षण द्या, म्हणजे 'सामाजिक वैद्य' तयार होतील. शिफारस चांगली होती. पुढे झालं काय, तर हे काम करण्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात एक स्वतंत्र विभाग आला, आणि बाकीच्या विभागांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. गावाचं काम? ते पीएसएमचं. भिंती पाडायच्या म्हणून जे सांगितलं होतं, त्यातून आणखी एक खोली बांधली गेली. ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि पुढचं सगळं ऐकताना ती ध्यानात ठेवा.

आता मण्यार.

आषाढातली रात्र. लावणीचे दिवस. पानशेतच्या पाण्यामागचं एखादं गाव धरा. (हा कुणी एक रुग्ण नाही, शिकवण्यासाठी आम्ही अनेक रुग्णांचा मिळून हा एक नमुना केला आहे, तेव्हा गाव शोधू नका.) दिवसभर इरलं घेऊन चिखलात वाकलेली बाई रात्री पडवीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपते. मण्यार रात्रीची हिंडते, उंदरामागे घरात शिरते. तिचा दंश बऱ्याचदा झोपेत जाणवतसुद्धा नाही. सूज नाही, आग नाही, दाताची खूणही दिसेलच असं नाही. आपल्याकडे साप चावला म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. पण इथे पान लागलंय हेच कुणाला ठाऊक नसतं.

पहाटे तीनच्या सुमाराला पोटात कळ येते, उलटी होते. घरच्यांना वाटतं खाण्यात काही आलं. ओवा दिला जातो. उजाडताना ती म्हणते, डोळे उघडेनात. मग जीप बघायची, पावसात रस्ता बघायचा. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत सकाळ सरलेली असते.

कॅज्युअल्टीत कागदावर पहिली तक्रार लिहिली जाते: पोटदुखी, उलट्या. साहजिकच सर्जरीचा कॉल जातो. सर्जन पोट दाबून बघतो. पोट मऊ. सोनोग्राफी ठीक. तो लिहितो, 'सर्जिकल काही नाही'. अगदी बरोबर लिहितो. पापण्या खाली आल्यात म्हणून नेत्र विभागाला कॉल. ते बाहुल्या बघतात, आपलं निरीक्षण लिहितात. तेही बरोबर. घास गिळता येत नाही, आवाज नाकातून येतोय, म्हणून कान-नाक-घसा. त्यांचंही बरोबर. चार विभागांची चार बरोबर टिपणं एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लागलेली, आणि बाईचा श्वास उथळ होत चाललेला. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि मग पापण्या जड, एवढं एका वाक्यात कुणी म्हटलं असतं तर जागच्या जागी निदान झालं असतं. पण ते वाक्य कुठल्याच एका विभागाचं नव्हतं.

त्या बाईच्या शरीरात काय चाललंय ते सांगतो, कारण सहकार्य म्हणजे नेमकं कशाचं, हे त्याशिवाय कळणार नाही. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या मार्फत. तंतूच्या टोकाशी या रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. हुकूम आला की पिशवी फुटते, रसायन पलीकडच्या स्नायूवरच्या खाचेत जाऊन बसतं, स्नायू आखडतो. नागाचं विष स्नायूच्या बाजूची खाच अडवतं. निओस्टिग्मिन नावाचं औषध (त्याआधी ॲट्रोपिन द्यायचं) ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकवून ठेवतं, त्यामुळे नागाच्या दंशात पापण्या कधीकधी डोळ्यांदेखत वर येतात. मण्यारीचं विष तंतूच्या टोकावरच घाव घालतं. पिशव्याच संपतात, टोक खराब होतं. तिथे निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग नाही. सापाची लस, म्हणजे एएसव्ही, मोकळं फिरणारं विष निकामी करते, पण एकदा खराब झालेलं टोक दुरुस्त करू शकत नाही. ते शरीर स्वतः करतं, आणि त्याला दिवस लागतात. तोवर दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायचा, व्हेंटिलेटरने, आणि व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हाताने पिशवी दाबून.

त्या दिवसांत काय असतं? रुग्ण हलत नाही, बोलत नाही, डोळे उघडत नाही. बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला प्रतिसाद देत नाहीत असंही होतं. बघणाऱ्याला वाटतं, मेंदू गेला. पण ती शुद्धीवर असते. पलंगाशी उभं राहून 'आता काही अर्थ नाही' असं कुणी म्हटलं, तर ते तिला ऐकू जातं. हे भूलशास्त्रवाल्यांना माहीत असतं, कारण स्नायू शिथिल करून माणूस जागा राहू शकतो हे त्यांचं रोजचं शास्त्र. नर्सिंगवाल्यांना कळतं, कारण डोळ्यांतून पाणी येताना तेच बघतात. पण नातेवाइकांशी जो बोलतो त्याला माहीत असेलच असं नाही. इथे भिंतीची किंमत काय होते ते बघा.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज 'मिलियन डेथ स्टडी'वर आधारलेल्या अभ्यासाने २०२० मध्ये मांडला. बहुतेक मृत्यू खेड्यातले, आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबरमधले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत वरच्या गटात घातलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला: २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. आराखड्यात मानवी आरोग्य, पशुवैद्यक, वनखातं सगळ्यांनी मिळून काम करायचं असं लिहिलंय. तिथपर्यंत जायला आमची हरकत नाही. पण आधी एका इमारतीतले औषधशास्त्र आणि मेडिसिन एका टेबलाशी बसतात का, हे बघू.

विद्यार्थी हे सगळं कसं शिकतो? मज्जातंतू आणि स्नायूची जोडणी पहिल्या वर्षी, शरीरक्रियाशास्त्रात. बेडकाच्या स्नायूचा आलेख आमच्या पिढीने काढला, आताची मुलं तो संगणकावर बघतात. निओस्टिग्मिन दुसऱ्या वर्षी, औषधशास्त्रात. मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे न्यायवैद्यकात, परीक्षेला बाटलीतला साप ओळखा म्हणून. रुग्ण शेवटच्या वर्षी, मेडिसिनच्या वॉर्डात. आणि गावात तो जमिनीवर का झोपतो, हे पीएसएममध्ये, डासांच्या आणि शौचालयांच्या मध्ये कुठेतरी. चार वर्षांत पाच तुकडे, पाच शिक्षक. हे पाच जण आयुष्यात कधी एका खोलीत एका रुग्णाबद्दल बोललेले नसतात. मुलाने मात्र ते तुकडे आपल्या डोक्यात आपणच जुळवायचे, तेही रात्री दोन वाजता, वेल्ह्यात.

हे नव्याने कळलंय असं नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५२ मध्येच विभागवार शिकवणं मोडून अवयवसंस्थांनुसार शिकवायला सुरुवात केली. कॅनडात मॅकमास्टरने १९६९ मध्ये रुग्णाच्या प्रश्नापासून धडा सुरू केला. त्याच वर्षी आपल्याकडे सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था काढली. तिथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, मुलांना कुटुंबं वाटून दिली जातात, आणि सुरुवातीलाच पंधरा दिवस गावात शिबिर असतं. रॉनल्ड हार्डन या स्कॉटिश शिक्षकाने २००० मध्ये एक 'शिडी' मांडली. विभागांमधल्या एकत्रीकरणाच्या अकरा पायऱ्या: तळाला एकमेकांची खबरच नसणं, आणि वर गेलं की विषयांच्या सीमाच विरघळणं. आपल्या देशातही २०१९ पासून एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात विषय एकमेकांशी वेळेने जुळवा, आणि वीस टक्क्यांपर्यंत भाग एकत्रित शिकवा, असं सांगितलेलं आहे.

मग अडतं कुठे? 'एकत्रित व्याख्यान' म्हणून जे होतं त्याचा नमुना आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे. चार विभागांचे चार शिक्षक, प्रत्येकी पंधरा मिनिटं. पहिला बोलून झाला की निघून जातो, त्याला दुसरा वर्ग असतो. दुसऱ्याने काय सांगितलं हे त्याला ठाऊक नसतं. शेवटी फोटो निघतो, अहवालात जातो. पंगतीत शेजारी बसलं म्हणजे एका ताटात जेवलं असं होत नाही.

लोक म्हणतात, अहंकार आडवा येतो. एचओडी-एचओडीमध्ये पटत नाही. असेलही. पण माणसांच्या स्वभावावर सगळं ढकललं की काही करायची जबाबदारी उरत नाही, म्हणून आम्हाला ते कारण फार आवडत नाही. आमचं निरीक्षण असं की भिंती स्वभावापेक्षा कागदाने जास्त बांधलेल्या असतात. तास कुणाच्या खात्यावर लागला? एकत्र वर्ग घेतला तर तो तास चौघांच्या कामात मोजायचा की एकाच्या? परीक्षेची उत्तरपत्रिका विषयवार, गुण विषयवार. एकत्र शिकवलेल्या भागाला गुणच नसतील तर मुलं तो का वाचतील? मुलं आपल्यापेक्षा व्यवहारी असतात. आणि बढती. २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार अध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंध धरायचा तर त्याचं नाव पहिल्या तीन लेखकांत हवं, नाहीतर तो संपर्क-लेखक हवा. आता मण्यारीवर सात विभागांनी मिळून काम केलं तर चौघांच्या हाती काही लागलं. उरलेल्या तिघांनी काय म्हणून जागरण करायचं? नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; उगाच नावं घुसडण्याला आळा घालायचा होता. पण त्याच झाडूने सहकार्यही झाडलं गेलं.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती फार छोटी आहे, पण आम्हाला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. काचेची परीक्षानळी.

घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं. हे ओळखायची तपासणी इतकी साधी आहे की वीज नसली तरी करता येते. शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच नळी आडवी करायची. रक्त वाहिलं तर विषबाधा आहे, लस सुरू करा. सगळी भिस्त काचेवर. काचेच्या पृष्ठभागाने रक्त गोठण्याची साखळी सुरू होते, प्लास्टिकने ती तशी होत नाही. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचंही रक्त वीस मिनिटांत नीट गोठेल याचा भरवसा नाही. साबणाने धुतलेल्या नळीतही घोटाळा होतो.

आता एका रुग्णालयात (नाव नको) काय झालं, तर प्रयोगशाळेने आधुनिक व्हायचं ठरवलं. सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या, रंगीत बुचांच्या. त्यांच्या बाजूने निर्णय शंभर टक्के योग्य: फुटत नाहीत, यंत्रात बसतात, संसर्गाचा धोका कमी. भांडारने त्याप्रमाणे काचेच्या नळ्यांची मागणी बंद केली. कॅज्युअल्टीला कुणी विचारलं नाही, कारण नळ्या हा पॅथॉलॉजीचा विषय. पावसाळ्यात पहिली घोणस आली तेव्हा रेसिडेंट काचेची नळी शोधत तीन मजले फिरला. शेवटी शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थी-प्रयोगशाळेतून, कपाटाचं कुलूप उघडवून, एक डबा मिळाला. त्या डब्यातल्या नळ्या कुणाच्या स्टॉक रजिस्टरवर लावायच्या यावर पुढे दीड महिना पत्रव्यवहार चालला होता. हसण्यासारखं आहे. पण त्या रेसिडेंटचा गेलेला वेळ घोणशीच्या विषाला मिळाला.

या सगळ्यात आणखी एक भिंत आहे, ती विभागांमधली नाही, व्यवसायांमधली. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळ्यांच्या पदव्या एकाच छपराखालून निघतात. पण विद्यार्थी एकमेकांना भेटतात ते युवक महोत्सवात. वेल्ह्यात मात्र ते रोज भेटणार असतात. आशाताई आधी पोचते. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते, तिच्यातला डॉक्टर बहुधा बीएएमएस. आरोग्य केंद्रात आणि गावातल्या खासगी दवाखान्यातही आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी अगदतंत्र म्हणून विषांचा वेगळा विषयच शिकलेला असतो. त्यांच्या शिकण्यात आणि एमबीबीएसच्या शिकण्यात सर्पदंशाचा एकही तास सामाईक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाची व्याख्या केली, तिचा गाभा एवढाच: वेगवेगळ्या व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात. यातला 'एकमेकांकडून' हा शब्द पचायला कठीण जातो. डॉक्टरने नर्सकडून शिकायचं, हे तोंडाने सगळे कबूल करतात.

आता घाटापलीकडे बघू. भोरवरून वरंध घाट उतरला की महाड. तिथे बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर आले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, फुप्फुसात पाणी होऊन जात होती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून लक्षणं नोंदवली, निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्याचा अभ्यास 'बीएमजे'त मांडला. आम्ही हे उदाहरण मुलांना सांगतो ते 'बघा, खेड्यातला डॉक्टर' असा गहिवर आणायला नाही. त्या कामात हृदयविकारशास्त्र आहे, औषधशास्त्र आहे, विषशास्त्र आहे, बालरोग आहे. सगळं एका माणसाने जोडलं, कारण बिरवाडीत विभागच नव्हते. आम्ही रुग्णालयात जे जोडू शकत नाही, ते त्यांनी एकट्याने का जोडावं लागावं, हा आमचा प्रश्न आहे.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९७७ मध्ये 'रोम' योजना आली, वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची. प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं सांभाळायची, सगळ्या विभागांनी तिथे जायचं. प्रत्यक्षात गेलं कोण, हे तुम्हीच ओळखलं असेल. २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याकडे गावातली काही कुटुंबं. कल्पना उत्तम. पण बसमध्ये मुलांबरोबर पीएसएमचेच शिक्षक बसतात. औषधशास्त्राच्या शिक्षकाने एकदा त्या घरात जाऊन गोळ्यांचा डबा उघडून बघावा, त्याचं पुढच्या वर्षीचं व्याख्यान बदलेल, अशी आमची खात्री आहे.

मग करायचं काय? आठ विभागांची समिती नेमायची नाही. समितीला इतिवृत्त असतं, चहा असतो, आणि पुढची तारीख असते. तीन विभागांपासून सुरू करायचं. सर्पदंशासाठी आम्ही मेडिसिन, भूलशास्त्र आणि नर्सिंग हे तिघे धरले. कारण रात्री तीन वाजता हेच तिघे जागे असतात. त्यांनी फक्त एकच गोष्ट सामाईक ठेवायची: एक कागद. त्यावर दर तासाला चार नोंदी. पापणी कुठवर उघडते, मान उचलता येते का, श्वासाची गती, आणि एका दमात किती आकडे मोजता येतात. शेवटची तपासणी कुणालाही करता येते. बाईला म्हणायचं, ताई, श्वास घ्या आणि एक-दोन-तीन म्हणत जा. एका तासाला वीस, पुढच्या तासाला बारा, म्हणजे श्वास चाललाय. या कागदावर असं ठरवायचं की आकडा उतरायला लागला तर ड्युटीवरची सिस्टर थेट भूलशास्त्राला फोन करील, रेसिडेंटला विचारण्यासाठी थांबणार नाही. या एका वाक्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं. ते होऊ द्यावं. ते भांडण म्हणजेच आंतरविभागीय सहकार्य, बाकी सगळं निमंत्रणपत्रिका.

तो कागद चालू लागला की इतर विभाग आपोआप लागतात. पॅथॉलॉजीला काचेच्या नळीसाठी, भांडारला एएसव्हीच्या साठ्यासाठी (पहिल्या हप्त्याला दहा कुप्या, आणि मुलाला डोस कमी नाही, कारण साप माणूस बघून विष कमी सोडत नाही). औषधशास्त्राला प्रतिक्रियांच्या नोंदीसाठी. मग वर्षातून दोनदा याच कागदांवर, नाव झाकून, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं आणि नर्सिंगच्या मुली एकत्र बसवायच्या. शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक आणि मेडिसिनचा शिक्षक दोघांनी पूर्ण वेळ थांबायचं, पंधरा मिनिटं नाही. आणि अंतर्गत परीक्षेत त्यावर एक प्रश्न, ज्याचे गुण दोन्ही विषयांत धरले जातील. गुणांशिवाय हे टिकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. विद्यापीठाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्या हातात असतात.

शेवटची मागणी आमची नाही, इथल्या डॉक्टरांची आहे. रेफर केलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही. रुग्ण बरा होऊन एसटीने गावी येतो तेव्हा कळतं, किंवा येत नाही तेव्हा कळतं. घरी सोडताना एक परत चिठ्ठी, पाच ओळींची, पाठवणाऱ्या केंद्राला जायला हवी. तुम्ही लस किती वाजता सुरू केलीत, ते योग्य होतं, किंवा अर्धा तास आधी पाठवायला हवं होतं. वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय आणि भोरचं उपजिल्हा रुग्णालय हेही त्या रुग्णापुरते आपल्या विद्यापीठाचे विभागच आहेत, फक्त जिना जरा लांब आहे.

आता प्रश्न घेऊ.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एक ताई विचारतायत, आम्ही फोन केला आणि पलीकडून झापलं तर? झापतील. म्हणून तर वाक्य कागदावर हवं आणि त्याखाली दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या हव्यात. मग तुम्ही धिटाई केली असं होत नाही, नेमून दिलेलं काम केलं असं होतं. फोनची वेळही त्याच कागदावर लिहा.

मागून एक काका विचारतायत, की आधी भगताकडे नेतात, त्याचं काय? काका, भगताकडे जाण्यात वेळ जातो हे खरं. पण त्याच्याशी भांडून लोक यायचे थांबत नाहीत. काही ठिकाणी भगतालाच आशाताईने पटवलंय की तू तुझं कर, पण गाडीत बसून कर, गाडी थांबवू नकोस. दोर आवळून बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका, साप मारायला मागे धावू नका. माणसाला धीर द्या, हालचाल कमी करू द्या, १०८ ला फोन करा. आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा वहीचं एक पान फाड. त्यावर लिहायचं: झोपला किती वाजता, पोटात दुखायला लागलं किती वाजता, पापणी जड झाली किती वाजता. ते पान रुग्णाच्या खिशात घाला.